पगारी ड्रायव्हर, अटॅच गाडी की स्वतःचा धंदा? ट्रक चालवणाऱ्यांसाठी कायदा आणि हिशेब

ट्रक चालवून घर चालवायचं तर आपल्याकडे तीन रस्ते आहेत. कुणाच्या तरी गाडीवर पगाराने राहायचं. हप्त्यावर स्वतःची गाडी घेऊन बाजारात भाडं शोधायचं. किंवा गाडी स्वतःची, पण ती एखाद्या कंपनीला नाहीतर ट्रान्सपोर्टरला अटॅच करून फक्त त्यांचाच माल वाहायचा. पहिल्या रस्त्यावर तुम्ही कामगार असता, दुसऱ्यावर धंदेवाले. तिसरा रस्ता दोन्हींच्या मधला, आणि बऱ्याच जणांना तोच सुरक्षित वाटतो: भाडं शोधायला नको, दलालाच्या दारात उभं राहायला नको. पण हुकूम नोकरासारखा पाळायचा आणि तोटा मालकासारखा सोसायचा, अशी वेळ सगळ्यात जास्त याच रस्त्यावर येते. म्हणून सही करण्याआधी आपण कायद्याने नेमके कोण ठरणार आणि महिन्याअखेर हातात काय उरणार, हे दोन्ही तपासायला हवं.

नोकर की ठेकेदार, हे कशावरून ठरतं

करारावर ‘स्वतंत्र ठेकेदार’ असं छापलं म्हणून माणूस ठेकेदार होत नाही. प्रत्यक्ष काम कसं चालतं, ते न्यायालय बघतं. सर्वोच्च न्यायालयाचा १९५७ चा ध्रांगध्रा केमिकल वर्क्सचा निकाल आजही आधाराला घेतला जातो. तिथे मिठागरातल्या अगरियांना मिठाच्या वजनावर पैसे मिळत, मदतीला माणसं ते स्वतः लावत, कामाचे तासही ठरलेले नव्हते. तरीही ते कामगार ठरले, कारण काम कसं व्हायचं यावर कंपनीची देखरेख होती. पुढच्या निकालांनी नुसत्या देखरेखीपुरतं न थांबता आणखी प्रश्न जोडले: अवजारं कुणाची, नफातोटा कुणाचा, हा माणूस त्या धंद्याचाच भाग आहे की बाहेरून येऊन काम करून जातो. २०२० च्या सुशीलाबेन गांधी प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की एकच कसोटी सगळीकडे लागू पडत नाही, सगळ्या बाजू एकत्र तोलाव्या लागतात.

ट्रकच्या धंद्यात हे प्रश्न असे येतात. आरसी (गाडीच्या नोंदणीचा कागद) कुणाच्या नावावर आहे? आज निघायचं की उद्या, कुठल्या रस्त्याने जायचं, हे कोण ठरवतं? तुमच्या जागी दुसरा ड्रायव्हर पाठवायची मुभा आहे का? दुसऱ्याचा माल भरता येतो का? गाडी आठ दिवस उभी राहिली तर कुणाचं नुकसान? टायर फुटला तर पैसे कुणाचे?

गाडी दुसऱ्याची असेल आणि तुम्ही फक्त चालवत असाल, तर ट्रिपवर पैसे मिळोत, किलोमीटरवर मिळोत की टक्क्यावर, तुम्ही बहुतेक वेळा कामगारच ठरता. ‘आमचा ड्रायव्हर टक्केवारीवर आहे, तो नोकर नाही’ असं मालक म्हणत असेल तर तो कायदा नव्हे, त्याची सोय आहे. उलट गाडी तुमच्या नावावर असेल, हप्ता तुम्ही भरत असाल, तर कंपनीने गणवेश दिला, जीपीएस लावला, उशिराला दंड लावला तरी स्वतःला त्यांचा नोकर सिद्ध करणं अवघड जातं. अवजार तुमचं आणि जोखीम तुमची, हे दोन मुद्दे तागडीत फार जड पडतात. म्हणजे गाडी विकत घेताना माणूस कामगार कायद्यांच्या छत्रीतूनही बाहेर पडत असतो.

छोट्या टेम्पोवर अॅपद्वारे ऑर्डर घेणाऱ्यांचं थोडं वेगळं आहे. सामाजिक सुरक्षा संहितेत अॅग्रिगेटरच्या (अॅपवरून ग्राहक आणि काम करणारे जोडून देणाऱ्या कंपन्यांच्या) यादीत लॉजिस्टिक म्हणजे मालवाहतुकीच्या सेवाही आहेत. अशा कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या (अॅपवर ऑर्डरपुरतं काम करणाऱ्यांच्या) निधीत द्यायची आहे. गिग कामगारांना त्या देत असलेल्या रकमेच्या ५ टक्के ही त्याची कमाल मर्यादा. पण गिग कामगार म्हणजे कर्मचारी नव्हे. त्यातून पीएफ, ग्रॅच्युइटी मिळत नाही. ई-श्रम या असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी मात्र करून ठेवा.

पगारी असाल तर तुमच्या हक्काचं काय

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा जुना कायदा त्यांत विलीन झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या परिवहन व्यवसायाला नेमणूकपत्र देणं बंधनकारक आहे. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास, आणि त्यावरच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम. कामगार कितीही असोत, वेतन संहिता सगळ्यांना लागू होते: महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, काम सोडल्यावर किंवा काढल्यावर सगळी बाकी दोन कामाच्या दिवसांत. कपाती मिळून पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. मालाची तूट किंवा गाडीचं नुकसान ड्रायव्हरच्या पगारातून कापायचं असेल तर ते त्याच्या निष्काळजीपणामुळेच झालं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला बाजू मांडायची संधी दिली पाहिजे. थकलेल्या पगारासाठी ३ वर्षांच्या आत दावा करता येतो.

पीएफ २० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) १० किंवा अधिक असतील आणि पगार ₹२१,००० पर्यंत असेल तर. इथेच मोठी मेख आहे. चार-सहा गाड्यांच्या मालकाकडे ही संख्या भरतच नाही. मोठ्या ट्रान्सपोर्टरकडे भरते, पण गाड्या घरातल्या वेगवेगळ्या नावांवर विभागलेल्या असतात. नोकरी निवडताना ₹२,००० जास्त पगारापेक्षा पीएफ-ईएसआय आहे का, हे आधी विचारा. ₹१८,००० पगारावर मालकाचा वाटा असा पडतो: पीएफ ₹१५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के म्हणजे ₹१,८००, ईएसआय ३.२५ टक्के म्हणजे ₹५८५. आणि पाच वर्षं पुरी केलीत तर ग्रॅच्युइटीचे महिन्याला सुमारे ₹८६५. एकूण ₹३,२५०, जे पगाराच्या पाकिटात दिसत नाहीत. पगारी सुट्ट्या आणि बोनस वेगळे. स्वतःच्या गाडीशी तुलना करताना हा आकडा पगारात मिळवूनच करायची.

मधला एक प्रकार फार चालतो: उक्ता खर्च. मुंबई ते इंदूर फेरीचे इतके हजार, त्यात डिझेल, टोल, जेवण, पंक्चर, सगळं आलं, वाचेल ते ड्रायव्हरचं. सरावलेला माणूस यात पगाराच्या वर चांगली कमाई करतो. पण घाटात जाम लागला, वळसा पडला, प्लँटवर तीन दिवस गाडी खाली झाली नाही, तर तूट ड्रायव्हरच्या खिशातून जाते. ही मालकाची जोखीम ड्रायव्हरकडे सरकवणं आहे. उक्त्यावर जायचं असेल तर खाली करायला किती तास मोफत आणि त्यापुढे दिवसाला किती, टोल प्रत्यक्षात फास्टॅगवरून मालकाकडे, आणि डिझेलचा भाव बदलला की उक्ताही बदलेल, एवढं तरी व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

आणि पुरावा. रोखीने पगार, नेमणूकपत्र नाही, हजेरी नाही, अशा नोकरीत अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न विचारते: हा माणूस पगारी ड्रायव्हर होता याला आधार काय? ट्रिपच्या वहीचं पान, स्वतःचं नाव असलेल्या बिल्टीचा (माल वाहून नेण्याच्या पावतीचा) फोटो, प्लँटचा गेट पास, मालकाने यूपीआयवर पाठवलेले पैसे, ‘उद्या चाकणला लाव’ असा मेसेज, यातलं काहीही उपयोगी पडतं. हे सगळं घरच्या कुणाच्या तरी फोनवरही पाठवत राहा. अपघातात फोनच आधी फुटतो.

अपघात झाल्यावर फरक कळतो

पगारी ड्रायव्हर कामावर असताना दगावला, तर त्याच्या कुटुंबाला कर्मचारी नुकसानभरपाईच्या तरतुदीखाली मासिक पगाराच्या निम्मे गुणिले वयानुसार ठरलेला गुणक एवढी रक्कम मिळते. हिशेबासाठी पगाराची मर्यादा ₹१५,००० आहे. वय ३० ला गुणक २०७.९८, म्हणजे ₹७,५०० × २०७.९८ = ₹१५,५९,८५०. पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर निम्म्याऐवजी ६० टक्के धरतात, म्हणजे ₹१८,७१,८२०. चूक कुणाची होती हा प्रश्न मृत्यूच्या दाव्यात आड येत नाही. मालवाहू गाडीच्या विम्यात हे दायित्व विमा कंपनीवर येतं. ईएसआय लागू असेल तर भरपाई ईएसआयकडून पेन्शनच्या रूपात मिळते. तात्पुरतं जायबंदी झालं तरी बसल्या काळाचा काही भाग मिळतो.

स्वतःची गाडी स्वतः चालवताना तुमच्या चुकीने गाडी उलटली, तर मालकच चालक असल्याने थर्ड पार्टी (इतरांचं नुकसान भरून देणाऱ्या) विम्यातून तुम्हाला काही मिळत नाही. हाताशी असतो तो मालक-चालकाचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा, ₹१५ लाखांचा. मृत्यू आणि पूर्ण अपंगत्वाला पूर्ण रक्कम, एक हात किंवा एक पाय गेला तर निम्मी, आणि पाय मोडून चार महिने घरी बसावं लागलं तर काहीच नाही. त्या चार महिन्यांचे हप्ते मात्र चालू राहतात.

यापेक्षा वाईट सापळा म्हणजे गाडी भावाच्या किंवा वडिलांच्या नावावर आणि चालवणारे तुम्ही. कर्ज मिळावं म्हणून असं सर्रास केलं जातं. आता तुम्ही मालक नाही, म्हणून मालक-चालकाचा विमा तुम्हाला लागू होत नाही. पगार घेत नाही, म्हणून पगारी ड्रायव्हरही नाही. रामखिलाडी प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दुसऱ्याची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी येतो आणि त्याला थर्ड पार्टी म्हणून दावा करता येत नाही. म्हणून नावावर गाडी नसेल तर मालकाने खरोखर बँकेतून दरमहा पगार द्यावा, पॉलिसीत पगारी ड्रायव्हर आणि क्लीनरच्या दायित्वाचा जादा हप्ता भरावा. तो हप्ता माणशी फारच थोडा असतो. गाडी भागीदारी फर्म किंवा कंपनीच्या नावावर असेल तरी मालक-चालक विमा मिळत नाही, हेही ध्यानात ठेवा.

याच्या जोडीला प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला ₹२० मध्ये ₹२ लाखांचं अपघाती संरक्षण देतो आणि जीवन ज्योती ₹४३६ मध्ये ₹२ लाखांचं जीवनसंरक्षण. दोन्ही घ्या, पण कर्जाएवढा मुदत विमा त्याशिवाय हवाच, नाहीतर बापाच्या पश्चात गाडी फायनान्सवाला नेतो आणि कर्जाची बाकी घरावर राहते.

स्वतःच्या गाडीचा महिना

आता आकडे. हा नमुना आहे. आपल्या मार्गाचे, आपल्या गाडीचे आकडे घालून तो पुन्हा मांडायचा. दहा टायरची, २८ टन पासिंगची (मालासह एकूण वजन २८ टन) गाडी, बॉडीसह ₹३८ लाख. ₹८ लाख स्वतःचे, ₹३० लाख कर्ज, १०.५ टक्के व्याज, ६० महिने. हप्ता सुमारे ₹६४,५०० बसतो.

महिन्याला ८,००० किलोमीटर धरू, सरासरी (अॅव्हरेज) लिटरला ४ किलोमीटर. डिझेल २,००० लिटर, ₹९० भावाने ₹१,८०,०००. टोल ₹३२,०००. दहा टायर ₹२२,००० च्या भावाने ₹२,२०,०००, ते ८०,००० किलोमीटर चालले तर किलोमीटरला ₹२.७५, म्हणजे महिन्याला ₹२२,०००. ऑइल, सर्व्हिसिंग, दुरुस्ती ₹१४,०००. बीएस-६ (नव्या प्रदूषण निकषांच्या) गाडीला लागणारं डीईएफ, म्हणजे धूर स्वच्छ करणारं द्रव, ₹६,०००. विमा, कर, नॅशनल परमिट, पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) यांचा महिन्याचा वाटा ₹१०,०००. यात नुसती थर्ड पार्टीच २०२२ च्या दरपत्रकानुसार २० ते ४० टनांच्या गाडीला वर्षाला ₹४३,९५० आहे. क्लीनरचा पगार आणि दोघांचं जेवण ₹१८,०००. वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), काटा (वजन करणं), पार्किंग ₹६,०००. बेरीज ₹२,८८,०००.

उत्पन्न: १८ टन माल, टनामागे किलोमीटरला ₹३, म्हणजे भरलेल्या प्रत्येक किलोमीटरला ₹५४. शंभरातले ९० किलोमीटर भरून धावलात तर ७,२०० × ५४ = ₹३,८८,८००. खर्च वजा जाता ₹१,००,८००, हप्ता वजा जाता ₹३६,३००. आता तीच गाडी शंभरात ८० किलोमीटरच भरून धावली तर उत्पन्न ₹३,४५,६००, खर्च वजा जाता ₹५७,६००, आणि हप्त्याला ₹६,९०० कमी पडतात. गाडी तीच, ड्रायव्हर तोच, महिनाभराचे कष्ट तेच. रिकामी फेरी दहा टक्क्यांनी वाढली आणि महिन्याचे ₹४३,२०० गेले. (रिकामी गाडी डिझेल थोडं कमी पिते, पण फरक एवढा मोठा नसतो.)

सरासरी ४ ऐवजी ३.६ पडली तर डिझेल २,२२२ लिटर, म्हणजे ₹२०,००० जास्त. हवा कमी असलेले टायर, चोक झालेला एअर फिल्टर, पासिंगच्या वर भरलेला माल, घाटाचा मार्ग, सगळं याच आकड्यात येऊन बसतं. ओव्हरलोडने भाडं वाढवायचा मोह होतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली दंड ₹२०,००० आणि वर प्रत्येक जादा टनाला ₹२,०००, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. दोन टन जास्त भरले तर ₹२४,०००. नमुन्यातल्या चांगल्या महिन्यातली कमाई एका नाक्यावर दोन-तृतीयांश संपते.

चांगल्या महिन्याचे ₹३६,३०० हाही निव्वळ नफा नव्हे. तुम्ही स्वतः गाडी चालवलीत, त्याचा पगार त्यातच आहे. बाहेरचा ड्रायव्हर ठेवला असता तर त्याला ₹२५,००० द्यावे लागले असते, तेव्हा धंद्याची कमाई ₹११,३००. बऱ्याच मालक-चालकांना हे वर्षानुवर्षं कळत नाही, कारण ते स्वतःचा पगार कधी लिहितच नाहीत. दुसऱ्या बाजूने न्यायही करू: हप्ता म्हणजे सगळाच खर्च नाही. पाच वर्षांत ₹८ लाख आणि हप्त्यांचे ₹३८.७ लाख गेले, आणि गाडी ₹१४ लाखांना विकली गेली, तर खरा खर्च ₹३२.७ लाख, म्हणजे महिन्याला ₹५४,५००. हप्त्यापेक्षा ₹१०,००० कमी. फक्त हे पैसे गाडी विकल्यावरच दिसतात, आणि तोपर्यंत टिकून राहावं लागतं.

टिकून राहायला खेळतं भांडवल लागतं. बाजारातल्या भाड्यावर बराचसा अॅडव्हान्स भरतानाच मिळतो, बाकी पोच दिल्यावर. कंपनीच्या कामात अॅडव्हान्स नसतो, बिल ४५ दिवसांनी निघतं. नुसतं डिझेल आणि टोल महिन्याला ₹२,१२,०००. दीड महिन्याचे ₹३,१८,००० सतत अडकून राहणार. नवीन गाडीवाले बुडतात ते बहुतेकदा भाडं कमी म्हणून नव्हे, तर हे पैसे जवळ नसल्यामुळे पंपावर उधारी होते, फायनान्सचा हप्ता चुकतो आणि दंडव्याज चढत जातं म्हणून. सहा हप्ते आणि दीड महिन्याचा रस्त्याचा खर्च बाजूला नसेल तर नवी गाडी घेऊ नका, हे आम्ही ठामपणे सांगतो.

उद्यम नोंदणी (छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद) मोफत आहे, ती पहिल्याच आठवड्यात करा आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार असला तरी ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकवावं लागतं. नाहीतर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. मुदतीत पैसे न देणाऱ्या कंपनीला तो खर्च त्या वर्षी आयकरात दाखवता येत नाही. थकलेल्या बिलांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार करण्याआधीच अकाउंट विभागाला या दोन गोष्टींची आठवण करून दिली की बरीच बिलं हलतात.

आयकर सोपा आहे. दहा गाड्यांपर्यंतच्या मालकाला १९६१ च्या कायद्यातल्या कलम ४४ एई प्रमाणे अंदाजित उत्पन्न दाखवता येतं, आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यातही ही सोय ठेवली आहे. १२ टनांवरच्या गाडीला एकूण पासिंग वजनाच्या टनामागे महिन्याला ₹१,०००, त्याखालच्या गाडीला महिन्याला ₹७,५००. आपली २८ टनी म्हणजे वर्षाला ₹३,३६,०००. गाडी उभी असली तरी महिना मोजतात. दहापर्यंत गाड्या असल्याचं प्रतिज्ञापन आणि पॅन ट्रान्सपोर्टरला दिलं की भाड्यातून टीडीएस (आधीच कापून घेतला जाणारा आयकर) कापला जात नाही. हा कागद दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला द्यायचा असतो. विसरलात तर प्रत्येक बिलातून एक टक्का जातो आणि रिटर्न भरून परत मागावा लागतो. जीएसटीचं म्हणाल तर स्वतःची बिल्टी न फाडता गाडी ट्रान्सपोर्ट एजन्सीला भाड्याने देणाऱ्याला तो लागत नाही.

अटॅच करताना कागदावर काय हवं

अटॅच गाडीच्या करारात एक गोष्ट सगळ्यात आधी शोधा: फक्त आमचाच माल वाहायचा, अशी अट आहे का? असेल, तर तिच्या समोर महिन्याला किमान इतके किलोमीटर किंवा इतक्या फेऱ्यांची हमी आहे का? बंधन आहे आणि हमी नाही, असा करार करू नका. तुमची गाडी गेटबाहेर चार दिवस नंबर लावून उभी असते, कंपनीला त्याचा एक रुपया खर्च नाही, आणि तुम्हाला बाहेर भाडं घ्यायची बंदी. वरच्या नमुन्यात नुसता हप्ता, विमा-कर आणि क्लीनर धरला तरी उभ्या गाडीचा दिवसाचा खर्च ₹३,००० च्या वर जातो.

दुसरं, डिझेलचं कलम. सरासरी ४ असेल तर डिझेल लिटरला ₹१ ने वाढलं की किलोमीटरला २५ पैसे खर्च वाढतो. ८,००० किलोमीटरला ₹२,०००. करारात ठरलेल्या तारखेचा, ठरलेल्या शहराचा भाव आधाराला धरून, एवढ्या फरकाला एवढे पैसे, असं स्पष्ट लिहिलेलं हवं. ‘दरात परस्पर संमतीने बदल करता येईल’ या वाक्याचा काही उपयोग नसतो, कारण समोरचा संमती देत नाही.

मग हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे: भरायला आणि खाली करायला किती तास मोफत, पुढे दिवसाला किती, आणि वेळ कशावरून मोजायची. गेटच्या नोंदीवरून मोजायची असेल तर गाडी गेटबाहेर उभी असलेला वेळ निसटतो, म्हणून पोचल्याचा मेसेज किंवा जीपीएसची वेळ ग्राह्य, असं लिहून घ्या. तूट आणि नुकसानीची कपात किती टक्क्यांच्या वर आणि जास्तीत जास्त किती, हेही. सिमेंटच्या पोत्या, खाद्यतेल, काच यांत वाहतुकीतली घट ठरलेलीच असते, ती ड्रायव्हरवर टाकू देऊ नका. उशिराच्या दंडाला मर्यादा हवी. अनामत असेल तर ती परत कधी मिळणार, आणि दोन्ही बाजूंना करार सोडायची नोटीस सारखीच हवी. कंपनीला सात दिवस आणि तुम्हाला तीन महिने, अशी कलमं सर्रास असतात.

‘फेडून घे, गाडी तुझीच’

मालक आपली जुनी गाडी ड्रायव्हरला देतो: हप्ते तू भर, माल माझाच वाह, फिटली की नावावर करून देतो. दिसायला चांगलं, पण आरसी मालकाच्याच नावावर राहते. हप्ते तुम्ही भरता त्याचा कर्जखात्यात पुरावा नसतो. पाच वर्षांपैकी चौथ्या वर्षी वाद झाला तर तुम्ही कागदावर साधे ड्रायव्हर असता, आणि पगारी म्हणूनही नोंद नसते. उलट बाजूही तेवढीच धोक्याची: २०१८ च्या नवीनकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपघाताची जबाबदारी आरसीवर ज्याचं नाव त्याची, गाडी प्रत्यक्षात तिसऱ्याच माणसाकडे का असेना. म्हणून सरळ मालकांनाही हा व्यवहार परवडत नाही.

करायचंच असेल तर फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीने कर्जच आपल्या नावावर वळवून घ्या. फॉर्म २९ आणि ३० ने आरसी आपल्या नावावर, नव्या कर्जाचा बोजा फॉर्म ३४ ने, जुना बोजा फॉर्म ३५ ने उतरलेला. परमिट आपोआप येत नाही. त्याच्या हस्तांतराला आरटीओची वेगळी मंजुरी लागते. विमा पॉलिसीही लगेच नावावर. यातलं काही होत नसेल तर हप्ते म्हणून दिलेली प्रत्येक रक्कम बँकेतून, ‘गाडी क्रमांक अमुक, हप्ता’ असं लिहून द्या आणि पाचशेच्या स्टँपवर करार नोटरी करा. त्याने गाडी मिळेलच असं नाही, पण भरलेले पैसे मागायला आधार राहतो.

नोकरी सोडण्याआधी

स्वतःची गाडी घ्यायची तर आधी भाडं ठरवा, मग गाडी. ज्या मार्गावर जाताना आणि येताना दोन्हीकडून माल मिळतो, जसं न्हावा शेवा ते चाकण कंटेनर किंवा एका बाजूने साखर आणि परतीला खत, तो मार्ग आधी नोकरीतच असताना ओळखून घ्या; तिथल्या दलालांची, प्लँटच्या डिस्पॅच विभागाची ओळख पगारावर असतानाच फुकट होते. पहिली गाडी नवीच असायला हवी असंही नाही. चार-पाच वर्षांची, सर्व्हिस रेकॉर्ड असलेली गाडी निम्म्या हप्त्यात येते. मात्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी होणारं पासिंग त्यानंतर दरवर्षी करावं लागतं, आणि दुरुस्तीसाठी नमुन्यातल्या ₹१४,००० च्या जागी जास्त रक्कम धरावी लागते.

पीएफ काढून डाउन पेमेंट भरू नका. पीएफच्या पेन्शनला एकूण १० वर्षं नोकरी भरावी लागते. पेन्शनचा भागही काढून घेतला की मोजणी पुन्हा शून्यापासून. ग्रॅच्युइटीला सलग ५ वर्षं लागतात, आणि हिशेब शेवटच्या पगाराच्या २६ भागांपैकी १५ भाग गुणिले वर्षं असा आहे: ₹१८,००० पगार आणि ८ वर्षं म्हणजे ₹८३,०७७. पाच वर्षं भरायला तीन महिने राहिले असतील तर ते तीन महिने काढाच. राजीनामा लेखी द्या, पोचीची सही घ्या, शेवटच्या ट्रिपचा हिशेब त्याच दिवशी मिटवा, आणि अनुभवाचं पत्र मागून घ्या. पुढे कर्जासाठी फायनान्सवाला ते मागतो, आणि पुन्हा नोकरीवर यायची वेळ आली तर तेव्हाही तेच दाखवावं लागतं.